आधी पडायला शिकू द्या

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा असून त्याचे वजन ३२ किलो आहे. शाळेच्या कबड्डी संघात तो चांगला खेळतो. त्याला मे महिन्यात कोल्हापूरकडील महिनाभराच्या निवासी कुस्ती शिबिराला पाठवावे, असा त्याच्या मामांचा आग्रह आहे. आमच्या जवळच्या गावात तीन दिवसांचे, फक्त डाव शिकवणारे लहान शिबिरही होणार आहे. एवढ्या लहान वयात त्याला घाटावर पाठवावे का? आणि त्याने मातीत शिकावे की मॅटवर? (एक आई, देवगड तालुका)

उत्तर : ताई, मामांच्या आग्रहामागचे कारण मला समजते. आपल्याकडे वाडीवाडीत कबड्डीचा संघ असतो, तालीम मात्र क्वचितच दिसते. त्यामुळे कुस्ती म्हटले की कोल्हापुरातील गंगावेस किंवा मोतीबाग तालमीचे नाव आपोआप ओठांवर येते. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, या वर्षी त्याला जवळच्या तीन दिवसांच्या शिबिराला पाठवावे आणि तेथून तो आनंदाने परतला, तर पुढच्या वर्षी आठ-दहा दिवसांसाठी घाटावर पाठवण्याचा विचार करावा. घाई करण्याचे काहीच कारण नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतील सर्वांत लहान गटांपैकी पंधरा वर्षांखालील गटातसुद्धा साधारणपणे चौदा-पंधरा वर्षांची मुले खेळतात आणि तेराव्या वर्षी उतरायचे असेल, तर वैद्यकीय प्रमाणपत्र व पालकांची संमती लागते.

अकराव्या वर्षी शिकायच्या गोष्टी दोनच आहेत : पडणे आणि उभे राहणे. नवखा मुलगा फेकला जाताना घाबरून हात मागे टेकतो, सगळे वजन त्या ताठ हातावर येते आणि मनगट किंवा कोपर दुखावते. ज्याला पडायला शिकवले आहे तो हनुवटी छातीला लावतो, पाठ गोल करतो, हात अंगाजवळ ठेवतो आणि जमिनीला लागताच पोटावर वळतो. हे शरीरात भिनायला शेकडो वेळा पडावे लागते, आणि पडण्याची भीती गेल्याशिवाय कोणताही डाव मोकळेपणाने मारता येत नाही. पवित्र्याचे, म्हणजे उभे राहण्याच्या पद्धतीचेही तसेच आहे. गुडघे वाकलेले, कोपरे बरगड्यांजवळ, नजर समोर आणि पाय एकमेकांत न अडकवता सरकणे, एवढे नीट जमले तरी तीन दिवस सार्थकी लागले असे समजावे.

आपल्या मुलाला कबड्डीचा फायदा होईल, कारण वाकून घोट्याला किंवा मांडीला पकड घालणे त्याच्या अंगवळणी पडलेले असणार. मात्र कबड्डीतली एक सवय मोडावी लागेल. पकडीसाठी झेपावताना तेथे अनेक मुले डोके खाली घालतात. कुस्तीत एकेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडताना असे केले, तर समोरचा मल्ल मान दाबून जागीच खिळवतो आणि मानेला इजाही होऊ शकते. डोके वर ठेवून कपाळाची बाजू प्रतिस्पर्ध्याच्या बरगडीला घट्ट लावायला त्याला पहिल्याच दिवशी शिकवले पाहिजे.

नाव नोंदवण्यापूर्वी एखाद्या सत्रात तासभर बसून पाहावे. वस्ताद तीन दिवसांत बारा डाव दाखवणार असतील, तर मुलाच्या लक्षात एकही राहणार नाही. तीन-चार डाव आणि त्यांची तोड, म्हणजे त्या डावांवरचा उतारा, एवढेच पुरे आहे. जोड वजनाने आणि शरीराच्या वाढीने सारखी लावतात का, हे अवश्य पाहावे, कारण एकाच वयाच्या दोन मुलांत दहा-दहा किलोंचा फरक असतो. मेहनतीच्या वेळी पाणी पिऊ नये, ही जुनी समजूत जेथे अजून पाळली जात असेल, तेथे मुलाला मुळीच ठेवू नये. मे महिन्यात आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर निवत नाही. म्हणून सराव पहाटे आणि सायंकाळीच असावा आणि मधे मधे पाणी मिळावे.

वजनाविषयी मात्र मला अधिक आग्रहाने लिहायचे आहे. शिबिराच्या शेवटी लढती ठेवतात आणि वजनाच्या खालच्या गटात बसवण्यासाठी मुलांना उपाशी ठेवण्याचा मोह होतो. अनेक वर्षांपूर्वी मी स्वतः एका बारा वर्षांच्या मुलाला रात्रीचे जेवण सोडायला सांगितले होते. सकाळी वजन करण्याच्या रांगेतच त्याला भोवळ आली, आणि त्याचा पांढरा पडलेला चेहरा मी आजही विसरलेलो नाही. अमेरिकेत १९९७ साली सुमारे महिनाभरात महाविद्यालयीन वयाचे तीन कुस्तीगीर झटपट वजन उतरवताना दगावले आणि त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत घाम काढण्यासाठी रबरी पोशाख व सॉना (तापवलेली खोली) वापरण्यावर बंदी आली. वाढत्या वयाच्या मुलाचे एक किलोही वजन स्पर्धेसाठी उतरवू नये. त्याने भात, मासे, नाचणीची भाकरी, उसळ, दूध असे घरचे जेवण पोटभर जेवावे आणि ज्या गटात बसेल त्यात लढावे.

माती की मॅट, या प्रश्नात फार अडकू नये. मातीत लंगोटाला हात घालून डाव मारता येतो, तर मॅटवर पोशाख धरणे नियमबाह्य आहे. मातीत चितपट करणे हेच ध्येय असते, मॅटवर मात्र गुणांनीही निकाल लागतो आणि वेग अधिक असतो. खाशाबा जाधव मातीत घडले, १९४८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले, आणि मॅटची सवय करून घेऊन १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. मुलाने सुरुवात कोठेही करावी, पण पुढे दोन्हींची ओळख करून घ्यावी.

शिबिरानंतरचे दिवस अधिक महत्त्वाचे असतात. शिकलेले डाव त्याच रात्री वहीत लिहून घ्यायला सांगा आणि वाडीतला सारख्या वजनाचा एक जोडीदार शोधा. आठवड्यातून तीनदा अर्धा तास पवित्रा आणि पटासाठी आत शिरण्याची हालचाल खळ्यातही घोटता येते. मात्र सारवलेल्या टणक जमिनीवर फेकीचे डाव कधीही करू देऊ नयेत.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी शिबिराहून परतल्यावर तिच्या मानेवर गजकर्ण उठले. या वर्षी पुन्हा पाठवावे का? (एक वडील, गुहागर तालुका)

उत्तर : अवश्य पाठवावे, मात्र आधी त्वचा पूर्ण बरी झाल्याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. गजकर्ण अंगाला अंग लागून पसरते आणि आपल्या दमट हवेत लवकर फोफावते. अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीच्या नियमांत त्वचेवरील गजकर्णासाठी किमान ७२ तास आणि डोक्यावरील असल्यास दोन आठवडे उपचार झाल्याशिवाय मल्लाला मॅटवर येऊ देत नाहीत. तोच दंडक आपणही पाळावा. मॅट रोज जंतुनाशकाने पुसतात का, हे विचारा. तिला स्वतःचा टॉवेल आणि रोज धुतलेले, कडक उन्हात वाळवलेले कपडे द्या, आणि सराव संपताच साबणाने अंघोळ करायला सांगा.

मुलींसाठी निवासाच्या जागी महिला प्रशिक्षक किंवा महिला पर्यवेक्षक रात्रंदिवस हजर आहेत का, आणि वजन व त्वचेची तपासणी महिलाच करतात का, हे आयोजकांना समक्ष भेटून विचारा. उत्तर देताना ते चाचरले, तर शुल्क भरू नका. रोज सायंकाळी तिला घरी फोन करता येईल, हेही आधीच ठरवून घ्या.