वाचकांचे प्रश्न : मोगऱ्याची विश्रांती, शेवंतीची रात्र

प्रश्न : निवृत्तीनंतर मी घरापुढच्या अंगणात आणि गच्चीवर बाग केली आहे. पावसाळ्यात जाई-जुई, तेरडा आणि गुलबक्षीने अंगण भरून गेले होते. दिवाळीनंतर मात्र माझा उत्साह ओसरला. मोगरा फुलेनासा झाला आहे आणि रोज पाणी घालूनही त्याची पाने पिवळी पडत आहेत. फाटकाशेजारच्या शेवंतीच्या कुंड्या नुसत्याच हिरव्यागार आहेत, डिसेंबर आला तरी एकही कळी नाही. बागेतला आनंद वर्षभर टिकवायचा कसा?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. बारा महिने फुलांचीच वाट पाहिली, तर वर्षातले निम्मे दिवस बाग आपल्याला निराश करणारच. प्रत्येक ऋतू पुढच्या ऋतूची काहीतरी तयारी करत असतो. ती तयारी ओळखता आली आणि तिला आपला हातभार लागला, की फुले नसलेल्या दिवसांतही बागेत जावेसे वाटते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या शहराच्या वेशीबाहेरच आहे. दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार हंगाम संपल्यावर, साधारण एप्रिलमध्ये, खरड छाटणी करतात. त्या वेळी बाग इतकी बोडकी दिसते, की अनोळखी माणसाला ती गेलीच असे वाटावे. पण भर उन्हाळ्यात त्या वेलींवर ज्या नव्या काड्या येतात, त्यांच्याच डोळ्यांत, म्हणजे पेरांवरच्या अंकुरांत, पुढच्या वर्षीचे घड आतल्या आत तयार होतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, ते बाहेर पडतात. ज्या महिन्यांत बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, त्याच महिन्यांत त्या बागेचे पुढचे वर्ष ठरत असते. म्हणून एप्रिलमधली बोडकी द्राक्षबाग एकदा मुद्दाम जाऊन पाहावी, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवेन.

आपला मोगराही सध्या विश्रांती घेत आहे, आणि रोजच्या पाण्याने ती मोडते. जानेवारीच्या मध्यापर्यंत त्याचे पाणी अगदी कमी करावे आणि माती चांगली सुकू द्यावी. थंडी ओसरू लागली, की वाळलेल्या व किडक्या फांद्या काढून उरलेल्या निम्म्यापर्यंत छाटाव्यात, राहिलेली पाने काढावीत, माती हलवून कुजलेले शेणखत घालावे आणि मग भरपूर पाणी द्यावे. त्यानंतर रोज सकाळी झाडापाशी दोन मिनिटे थांबावे. कापलेल्या टोकाच्या खालच्या पेरावर समोरासमोर दोन डोळे फुगलेले दिसतील, त्यांतून पोपटी पालवी निघेल आणि तिच्या शेंड्याला बहुधा तीन-तीन कळ्यांचा झुबका येईल. मोगरा नव्या फुटीवरच फुलतो. त्यामुळे जो छाटणीला भितो, त्याच्या उन्हाळ्यातला सुगंधही कमी होतो.

बाकीच्या ऋतूंची आखणी सोपी आहे. आत्ता पसरट कुंडीत मेथी पेरावी. ती चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात भाजीला येते, आणि खचलेल्या मनाला एवढी लवकर उभारी देणारे दुसरे पीक मला माहीत नाही. थंडीत कुंदा फुलतो. निफाडचा पारा एक आकडी होतो तेव्हा इंदिरानगरातली तुळसही गारठते, म्हणून तिला रात्रीपुरते आडोशाला ठेवावे. पावसाच्या सुरुवातीला गौरींसाठी तेरडा आणि जुलैत दसऱ्यासाठी झेंडूचे रोप टाकले, तर सणाची फुले घरचीच होतात, आणि त्या दिवशीच्या तोरणाचे समाधान काही वेगळेच असते.

आता शेवंती. कुंड्या फाटकाशेजारी आहेत, असे आपण लिहिले आहे. तिथे रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल, तर दोष त्या उजेडाचा असण्याची शक्यता फार मोठी आहे. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड अंधाराची रात्र लागते; सप्टेंबरअखेरनंतर रात्र मोठी होत जाते, तशी ती फुलण्याच्या तयारीला लागते. रात्री अंगावर दिव्याचा प्रकाश पडत राहिला, तर झाडाला रात्र लहानच वाटते आणि ते नुसती पाने वाढवत राहते. कुंड्या घराच्या मागच्या, अंधाऱ्या बाजूला हलवाव्यात. दिवसा मात्र तिथे ऊन यायला हवे. हलवणे शक्य नसेल, तर संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत त्यांवर जाड काळे कापड घालावे आणि त्यात एकाही रात्रीचा खंड पडू देऊ नये. आत्तापासून हे पाळले, तर साधारण दोन ते अडीच महिन्यांत फुले मिळावीत. बहर संपल्यावर झाड टाकून न देता वीतभर ठेवून कापावे. बुंध्याशी ज्या काश्या, म्हणजे नवे फुटवे, येतील, त्या मुळांसकट वेगळ्या करून एप्रिल-मेमध्ये नव्या कुंड्यांत लावाव्यात.