नाक चोंदलंय, छाती जड झालीय: दाब कुठे आणि किती?

अ‍ॅक्युप्रेशर म्हणजे शरीरावरचे ठरावीक बिंदू बोटांनी दाबणं. सुरुवातीलाच त्याच्या चार्टवरचे सगळे बिंदू पाठ करत बसू नका, दोन पुरेत.

नाक चोंदलं असेल तर नाकपुडीच्या कडेला, गालाची घडी सुरू होते त्या खळग्यात (चार्टवरचं नाव एलआय २०) दोन्ही तर्जन्या ठेवून हाडाकडे दाबा. १ ते २ मिनिटं, तोंडाने संथ श्वास सोडत. नखं आधी कापा. बोटाच्या टोकाने टोचलंत तर कातडी सोलते, म्हणून पेराचा गादीसारखा भाग टेकवा.

छाती जड वाटली तर कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाखाली, खांद्याच्या अलीकडे साधारण अंगठाभर खाली (एलयू १) बोट हलकं गोल फिरवा. इथे नवखे हमखास जोर लावतात. दुखलं की खांदे वर चढतात, श्वास रोखला जातो आणि मेहनत वाया. गोड दुखेल इतकाच दाब.

अंगठा-तर्जनीमधला एलआय ४ लोकप्रिय आहे, पण गरोदरपणी टाळाच. जखम, सूज किंवा पुरळावर दाबू नये.

आणि दमा असेल तर इन्हेलर आधी. दाबाने अटॅक थांबत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. सलग वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळे पडले असतील तर बिंदू शोधत बसायचं नाही, थेट १०८.