वाचकांचे प्रश्न: लघुचित्रातला राजा खरंच तसा दिसायचा का?

प्रश्न: म्युझियममध्ये मुघल आणि राजपूत लघुचित्रं बघितली. सगळे राजे एकाच बाजूला बघतायत, डोक्यामागे सोनेरी वलय, हातात फूल नाहीतर तलवार. राजे खरंच असे दिसायचे, की चित्रकारांनी खूश करायला काढलंय?

उत्तर: चेहरा बऱ्यापैकी खरा असतो हो, बाकीचं सगळं राजेपण. निदान मुघलांच्या बाबतीत तरी हे ठामपणे सांगता येतं, कारण अकबर स्वतः चित्रकारांसमोर बसायचा आणि दरबारातल्या सगळ्या मोठ्या लोकांची चित्रं काढून घ्यायचा असं अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहूनच ठेवलंय. जहांगीर तर याबाबतीत फारच चोखंदळ, इराणच्या शाह अब्बासला तो कधी भेटला नव्हता म्हणून 1613 साली वकिलातीबरोबर बिशनदास या आपल्या चित्रकाराला मुद्दाम तिकडे पाठवलं, शाहचा चेहरा बघून काढून आण म्हणून.

आता एका बाजूचा चेहरा का, तर त्यात कामाची सोय पण होती. राजा काही तासन् तास बसणार नाही, म्हणून चेहऱ्याचं रेखाटन एकदा नीट करायचं आणि मग हरणाच्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कातडीवर ते उतरवून घ्यायचं, याला चरबा म्हणतात. त्या रेषांवर बारीक भोकं पाडून वरून कोळशाची पूड झटकली की खालच्या कागदावर ठिपक्यांनी तोच चेहरा उमटतो, म्हणजे एकच नाक-कपाळ वर्षानुवर्षं वापरता येतं आणि बाजूने काढलेला चेहरा लगेच ओळखू पण येतो. पण नुसती सोय नाही, मानाचाही भाग आहे. अकबराच्या काळात पाऊण चेहरा, म्हणजे थोडा वळलेला, दोन्ही डोळे दिसणारा, सर्रास दिसतो, जहांगीर-शाहजहानच्या काळात मात्र बादशहा बाजूनेच दाखवायचा हे पक्कं होत गेलं. बिचित्रने काढलेलं जहांगीरचं ते प्रसिद्ध चित्र बघा, ज्यात तो राजांना सोडून सूफी शेखला पुस्तक देतोय. त्यात जहांगीर बाजूने आहे, मागे सूर्य-चंद्राचं भलंमोठं वलय, आणि खाली कोपऱ्यात उभा असलेला इंग्लंडचा राजा पहिला जेम्स पाऊण चेहऱ्याने आपल्याकडे बघतोय, कारण तो इंग्लंडहून आलेल्या चित्रावरून उतरवलाय. त्याच्याही खाली हातात चित्र धरून बिचित्र स्वतः आहे, मला ते फार आवडतं!

आणि सगळे राजे काही असे ताठ नसतात. नैनसुख या पहाडी चित्रकाराने काढलेला जसरोट्याचा (जम्मूकडचं छोटं संस्थान) बलवंतसिंह बघा, दाढी कातरून घेताना, तंबूत पत्र लिहीत बसलेला. इतकं जवळून राजाला दाखवणारी चित्रं फार थोडी आहेत आणि माझ्या मते पोर्ट्रेट म्हणून ती शाहजहानच्या झगमगीत चित्रांपेक्षा कितीतरी सरस आहेत.

प्रश्न: चित्रावर नाव नसेल तर कोण आहे आणि कधीचं आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर: अंगावरच्या गोष्टी बघायच्या. जहांगीरच्या कानात मोती दिसला तर चित्र 1614 नंतरचं धरतात, कारण त्या वर्षी आजारातून उठल्यावर अजमेरच्या ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींवरच्या श्रद्धेपोटी त्याने कान टोचून घेतले, मग दरबारी लोकांनी पण टोचले. शाहजहानची दाढी किती पिकलीय त्यावरून अंदाज येतो. आणि जाम्याचे, म्हणजे लांब अंगरख्याचे, बंद बघा, मुसलमान उजव्या बगलेखाली बांधायचे आणि हिंदू डाव्या, त्यामुळे मुघल पोशाखातला राजपूत पण लगेच कळतो.

प्रश्न: राण्यांची पोर्ट्रेट्स का दिसत नाहीत?

उत्तर: चित्रकाराला जनान्यात प्रवेशच नव्हता, त्यामुळे बहुतेक राण्यांचे चेहरे एकाच सुंदर साच्यातले येतात. आपल्याकडे अहमदनगरच्या निजामशाहीत मात्र वेगळं घडलं. 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, त्यात हुसेन निजामशहाबरोबर राणी खुंजा हुमायूं पण रंगवलेली होती, पण नंतर तिची आकृती बऱ्याच ठिकाणी खराब केली गेली, बहुधा मुलाने तिला कैदेत टाकल्यावर. म्हणून नूरजहान नाहीतर मुमताज असं नाव घातलेलं एखादं सुंदर चित्र दिसलं तर आधी त्याचा काळ विचारा, त्यातली बरीचशी खूप नंतर मनानेच काढलेली आहेत.