जुन्नरच्या उसात बिबट्यांच्या प्रश्नावर नव्याने काम करणाऱ्यास

बिबट्या दिसल्याचा निरोप आला, की पिंजऱ्याचा विषय काढण्याआधी ज्याची शेळी गेली त्याच्या ओट्यावर बसून त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे आणि पंचनामा होईपर्यंत मेलेली शेळी हलवू देऊ नये, कारण भरपाई अडली तर पुढे तुमचे कोणी ऐकणार नाही. ऊसतोडीत पिल्ले सापडल्यास वनविभागाला कळवून गर्दी हटवावी. संध्याकाळी ती त्याच फडात ठेवली, तर बहुधा मादी येऊन त्यांना उचलून नेते. अकोले तालुक्यातील महादेव कोळी आदिवासी दिवाळीच्या तोंडावर, वाघबारसेला, वाघोबा या देवाला नैवेद्य दाखवतात; वाघोबाच्या त्या शेंदरी दगडापाशी म्हाताऱ्यांशी झालेले बोलणे मला आमच्या (फार सुबक छापलेल्या) भित्तिपत्रकांपेक्षा अधिक उपयोगी पडले आहे.