ठिपके मोजणाऱ्या मुलीला तिसऱ्यांदा नीटला बसवावे का?

प्रश्न : सांगोला तालुक्यात आमची तीन एकर डाळिंबाची बाग होती. तेल्या आणि मर रोगाने ती हातची गेली; गेल्या वर्षी जेसीबी लावून झाडे उपटली. मुलीला बारावी विज्ञान शाखेत ८४ टक्के मिळाले. नीटमध्ये पहिल्या वेळी ३१२ आणि लातूरला वर्षभर ठेवल्यावर यंदा ३८८ गुण पडले. कर्ज काढून आणखी एक वर्ष क्लास लावायची माझी तयारी आहे, पण ती नको म्हणते. तिला कृषीला जाऊन फळझाडांच्या रोगांवर संशोधन करायचे आहे. मैत्रिणींबरोबर तिने सीईटीही दिली, त्यात ९१ पर्सेंटाइल आहेत. अकरावी-बारावीत अभ्यास सोडून ती झाडांना नंबर देऊन दर आठवड्याला पानांवरचे ठिपके मोजत बसायची. ती वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. ज्या शेतीने आम्हाला बुडवले तिथे मुलीने परत जाऊ नये, एवढेच वाटते. यंदा ऐकले नाही तर स्थळे बघायला सुरुवात करू, असे घरात बोलणे झाले आहे. माणसांची डॉक्टर होण्याची हुशारी असताना झाडांची डॉक्टर होऊन काय मिळणार? कृपया तिला समजावून सांगावे.
— एक पालक, जि. सोलापूर

उत्तर : तुमचे पत्र दोनदा वाचले. गुणांचा आणि प्रवेशाचा प्रश्न सोपा आहे, त्याचे उत्तर पुढे देतोच. पण पत्राच्या शेवटाकडे सहज बोलल्यासारखे जे वाक्य आले आहे, तिथे मला थांबावे लागले. ‘यंदा ऐकले नाही तर स्थळे बघायला सुरुवात करू.’ लग्न ही आनंदाने ठरवायची गोष्ट आहे असे आपण मानतो, आणि तीच गोष्ट तुमच्या घरात परीक्षेत कमी पडल्याची शिक्षा म्हणून मुलीसमोर ठेवली गेली आहे. हे वाक्य कानावर असताना कोणतीही मुलगी जीवशास्त्राचे प्रश्न शांतपणे सोडवू शकणार नाही. यंदा तिचे ७६ गुण वाढले, ते या दडपणातही वाढले, हे तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही. तेव्हा करिअरविषयी काहीही ठरवण्याआधी हे बोलणे घरात स्पष्ट शब्दांत मागे घ्या, आणि तिच्या आईसमोर घ्या, कारण असे बोलणे नुसते थांबवून भागत नाही. ते मागे घेतल्याचे मुलीला ऐकू यावे लागते.

तुमचे दुःख मला कळत नाही असे समजू नका. वाढवलेली, बहार धरलेली बाग स्वतःच्या हाताने उपटणे म्हणजे काय, हे त्या पट्ट्यातल्या अनेक कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत अनुभवले आहे. त्या अनुभवातून तुम्ही काढलेला निष्कर्ष असा, की मुलीने या सगळ्यापासून जितके दूर जाता येईल तितके जावे. मुलीने त्याच बागेत उभे राहून वेगळाच प्रश्न विचारला: हे झाले कसे? तुमच्या दोघांत मतभेद आहे तो इथे आहे, आणि तो नीटच्या गुणांनी मिटणारा नाही.

आता त्या वहीविषयी. तुमच्या पत्रात ती तक्रार म्हणून आली आहे, परंतु तुम्ही मुलीविषयी जे काही लिहिले आहे त्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली माहिती तीच आहे. झाडांना क्रमांक देणे, ठरलेल्या दिवशी त्याच झाडांकडे परत जाणे, पाने निवडून ठिपके मोजणे आणि ते लिहून ठेवणे, याला वनस्पती रोगशास्त्रात रोगाच्या तीव्रतेची नोंद म्हणतात, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती शिस्तीने करायला शिकवावी लागते. तेल्या हा झँथोमोनास गटातील जीवाणूमुळे होणारा रोग आहे. वाऱ्यासह आलेल्या पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, छाटणीच्या कात्रीवरून आणि रोगट झाडावर बांधलेल्या गुटीतून, म्हणजे फांदीवर मुळे फोडून केलेल्या कलमातून, तो पसरतो. तुमच्या मुलीच्या वहीत तारखांशेजारी पावसाची नोंद असेल, आणि कोणत्या बाजूच्या ओळीत ठिपके आधी दिसले हे लिहिलेले असेल, तर रोग बागेत कुठून शिरला आणि किती दिवसांत कुठवर गेला हे त्या पानांवरून वाचता येईल. कोणी सांगितले नसताना, गुण मिळणार नसताना, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने हे सुचून केले. अभिक्षमता म्हणजे कल चाचणीसाठी पालक माझ्याकडे पैसे भरून येतात. तुमच्या घरी ती चाचणी कपाटात पडून आहे.

तुम्ही बोर्डो मिश्रण फवारले असेलच, आणि मोरचूद जास्त झाले का हे पाहण्यासाठी त्यात विळाही बुडवला असेल. ते मिश्रण रोगावर चालते हे कळले तेही अशाच निरीक्षणातून. फ्रान्समधील बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. १८८२ च्या सुमारास मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेला आले की केवडा रोगाने बाकीची पाने गळाली असताना रस्त्याकडेची तेवढी शाबूत आहेत. त्याने त्यावर प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. रस्त्याने जाणारे हजारो होते. थांबून पाहणारा एक निघाला.

तुमच्या पत्रातील एक गैरसमज मात्र मला सविस्तर दूर करावासा वाटतो, कारण तो तुमचा एकट्याचा नाही आणि कदाचित तुमच्या मुलीचाही असेल. ‘झाडांची डॉक्टर’ हा शब्दप्रयोग गोड असला तरी दिशाभूल करणारा आहे. आपण मराठीत कीटकनाशकालाही औषध म्हणतो आणि बुरशीनाशकालाही औषधच म्हणतो, त्यामुळे रोगांवर संशोधन करणारा माणूस म्हणजे नवे औषध शोधणारा किंवा फवारणीचे वेळापत्रक लिहून देणारा, अशी आपली समजूत होते. वास्तविक डॉक्टरपुढे एक रोगी असतो आणि त्याला वाचवणे हे काम असते. वनस्पती रोगशास्त्रज्ञापुढे बाग, शिवार आणि पुढचा बहार असतो, आणि मर लागून पूर्ण वाळलेले झाड तो बहुधा उपटायलाच सांगतो. त्याचे पहिले काम कारण सिद्ध करण्याचे. डाळिंबाची एक फांदी पिवळी पडली, तर मुळाशी सेराटोसिस्टिस ही बुरशी असेल, फ्युजॅरियम असेल, सूत्रकृमी असतील, खोडात शिरलेला भुंगेरा असेल किंवा नुसते साचलेले पाणी असेल. सेराटोसिस्टिस ओळखण्याची एक जुनी पद्धत अशी, की रोगट लाकडाचा तुकडा गाजराच्या दोन चकत्यांमध्ये ठेवायचा आणि गाजरावर बुरशी उगवते का याची काही दिवस वाट पाहायची. मग ती वेगळी काढून वाढवायची, निरोगी रोपाला द्यायची, तीच लक्षणे दिसतात का पाहायचे, आणि त्या रोपातून तीच बुरशी पुन्हा वेगळी काढायची. एवढे झाल्यावर ‘हे कारण’ असे म्हणता येते. तुम्ही ज्या वर्षी मुळांशी औषध ओतण्याच्या एकामागून एक आळवण्या केल्या असतील, त्या वर्षी कारण न ठरवता औषध दिले जात होते, अशी दाट शक्यता आहे. हे संशोधनाचे अपयश नव्हते. संशोधन आणि तुमचे शेत यांच्यामध्ये उभे राहणारे माणूस तिथे नव्हते.

याच कारणासाठी मी तुमच्या मुलीलाही सावध करू इच्छितो. फळझाडांवरील संशोधन संथ असते. गहू-ज्वारीवर काम करणाऱ्याला दर हंगामात उत्तर मिळते. संत्र्याच्या झाडाला फळ धरायलाच चार-पाच वर्षे लागतात, त्यामुळे जंबेरीच्या खुंटावर (ज्या रोपावर कलम बांधतात त्यावर) डिंक्या हा रोग अधिक येतो की रंगपूर लाइमच्या, असा साधा वाटणारा प्रश्नही खऱ्या बागेत तपासायचा म्हटला तर दशक निघून जाते. आणि एवढे करूनही रोग हटेलच असे नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात लिंबूवर्गीय झाडांवरचा ग्रीनिंग रोग २००५ साली आढळला. पैसा, प्रयोगशाळा, माणसे कशाची उणीव नसताना पुढील वीस वर्षांत तिथले संत्र्याचे उत्पादन जवळपास नव्वद टक्क्यांनी घसरले. त्यात चक्रीवादळांचाही वाटा होता, परंतु रोगी झाड बरे करणारा उपाय अजूनही हाती नाही. ‘आमच्या बागेचा सूड घ्यायचा’ या भावनेने ती या क्षेत्रात येणार असेल, तर ती भावना एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंतही पुरणार नाही. बाग वाचवण्याची जबाबदारी तुम्ही तिच्यावर टाकू नका आणि तिनेही ती आपणहून उचलू नये. कुतूहल असेल तर ते टिकते. त्या वहीवरून ते आहे असे मला वाटते, पण खात्री तिच्याशी बोलल्यावरच देता येईल.

मार्ग परिचित आहे. सीईटीच्या गुणांवर बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी, चार वर्षे. पुढे प्रवेश परीक्षा देऊन वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी., दोन वर्षे. मग नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी. ९१ पर्सेंटाइलवर कृषी विद्यापीठाच्या घटक महाविद्यालयाची आशा धरता येईल, खात्री नाही. पुणे, कोल्हापूर, धुळे येथील राहुरी कृषी विद्यापीठाची महाविद्यालये पसंतीक्रमात वर ठेवा आणि केवळ घराजवळ आहे म्हणून प्रयोगशाळा नसलेले खासगी महाविद्यालय घेऊ नका. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यांना सातबाऱ्यावरून अधिभार, म्हणजे वाढीव गुण, देण्याची तरतूद या प्रवेशात असते, तिचे यंदाचे नियम माहितीपुस्तिकेत पाहा. ज्या सातबाऱ्यापासून मुलीला सोडवायचे तुम्ही म्हणता, तोच तिथे तिच्या कामी येईल. एक गोष्ट लगेच करा: पत्र लिहीपर्यंत तुम्ही सीईटीकडे ढुंकूनही पाहिलेले नाही, त्यामुळे प्रवेश फेऱ्यांचे वेळापत्रक आजच पाहा.

‘काय मिळणार’ या प्रश्नाचे उत्तर मी गोड करून सांगणार नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत शास्त्रज्ञ म्हणून निवड झाली तर सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपये आहे, पण त्या जागा थोड्या आणि स्पर्धा देशभरातील. विद्यापीठांतील भरती वर्षानुवर्षे रखडते. पीएचडीनंतरही काही वर्षे प्रकल्पापुरत्या कंत्राटी जागेवर काढणारी हुशार मुले मी पाहिली आहेत. दुसऱ्या बाजूला ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांच्या प्रयोगशाळा, निर्यातीच्या फळांची तपासणी, कृषी विज्ञान केंद्रे आणि बियाणे-खते-औषधे बनवणाऱ्या निविष्ठा कंपन्यांचे संशोधन विभाग येथे रोग ओळखू शकणाऱ्या माणसाला काम मिळते. हे खात्रीचे क्षेत्र नाही. मात्र तिसऱ्यांदा नीट देणे हेही नाही. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी त्या परीक्षेला बसले होते आणि देशातील एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखभराहून थोड्याच जास्त होत्या. ३८८ वरून शासकीय महाविद्यालयापर्यंत जायला जी उडी लागते, ती मनापासून मारायची इच्छा असलेल्यालाही कठीण जाते. तुमची मुलगी तर नको म्हणते आहे. तिच्या नकारावर कर्ज काढू नका.

मुलगी रानात एकटी कशी फिरणार, ही शंका तुम्ही लिहिली नसली तरी मनात असणार. कृषी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी मुली कृषिकन्या म्हणून गावात राहून काम करतात; तुमच्या आसपासच्या गावात त्या येऊन गेल्या असतील आणि कुणी त्यांची काळजी केलेली तुम्हाला आठवणार नाही.

तुम्ही मला तिला समजावून सांगायला सांगितले आहे. ते मी करणार नाही, कारण तिचे म्हणणे मला ठाऊकच नाही. संपूर्ण पत्रात तिच्या तोंडचे एकही वाक्य नाही. त्याऐवजी असे करा. सोलापूरला, तुमच्याच जिल्ह्यात, २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. भेटीची वेळ आधी विचारून घ्या आणि तिला घेऊन जा. तिथे रोगांवर काम करणाऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाचा दिवस कसा जातो, हे तिला विचारू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि शक्यतो बोलू नका. जाण्यापूर्वी कपाटाचे कुलूप काढून वही तिच्या हातात द्या, कारण तिथे दाखवायला तिच्याजवळ तेवढेच आहे. परत आल्यावर मला पत्र लिहायचे की नाही हे तिला ठरवू द्या; लिहिलेच, तर सोबत वहीतल्या पावसाळ्याच्या दोन पानांची झेरॉक्स जोडायला सांगा.