शून्य चूक दिसली म्हणून प्रोटोकॉल सुरक्षित ठरत नाही

तुमचा प्रश्न क्वांटम सीक्रेट शेअरिंगबद्दल आहे, म्हणजे ॲलिसचं गुपित बॉब आणि चार्ली यांच्यात असं वाटायचं की दोघं एकत्र आल्याशिवाय ते उघडत नाही. तो असा: तीन जणांच्या जीएचझी अवस्थेवर (एकमेकांशी गुंतलेल्या तीन कणांची क्वांटम अवस्था) सिम्युलेशन केलं, तपासणीच्या फेऱ्यांत एकही चूक आली नाही, मग बॉब अप्रामाणिक असला तरी गुपित सुरक्षित आहे असं म्हणता येईल का? नाही. कारण या तपासणीत बॉब स्वतःच साक्षीदार आहे.

हिलेरी, बुझेक आणि बर्थियॉम यांची 1999 ची मूळ योजना घ्या. ॲलिस, बॉब आणि चार्ली आपापला कण एक्स किंवा वाय बेसिसमध्ये (मापनाच्या दोन वेगळ्या दिशांपैकी एकीत) मोजतात. आठपैकी चार जोडण्या उपयोगी पडतात: तिघंही एक्स, किंवा एक एक्स आणि दोन वाय. बॉब आणि चार्लीचे निकाल एकत्र केले की ॲलिसचा बिट कळतो, एकट्याला काहीच कळत नाही. बाहेरच्या चोराचा विचार केला तर रचना फार सुंदर आहे.

आता घरभेद्याकडे बघा. बॉब चार्लीचा कण वाटेतच अडवतो आणि त्याऐवजी स्वतः बनवलेल्या बेल जोडीतला (एकमेकांशी गुंतलेल्या दोन कणांतला) एक कण पुढे पाठवतो. मूळचे दोन्ही कण तो न मोजता क्वांटम मेमरीत ठेवतो आणि थांबतो. ॲलिसचा बेसिस जाहीर झाला की त्याच्याकडच्या दोन कणांची अवस्था दोनच शक्यतांपैकी एक असते आणि त्या परस्परलंब असतात, म्हणजे मापनाने खात्रीने वेगळ्या ओळखता येतात. एका संयुक्त मापनात ॲलिसचा बिट खात्रीने हाती लागतो. चार्लीचा बेसिस कळला की बेल जोडीतल्या उरलेल्या कणावरून चार्लीचा निकालही कळतो. मग हिशेब जुळेल असा ‘आपला’ निकाल तो सांगतो. चूक शून्य!

म्हणजे सगळा खेळ कोण आधी बोलतो यावर आहे. कार्लसन, कोआशी आणि इमोतो यांनी 1999 मध्येच या प्रकारचा हल्ला दाखवला होता. 2007 मध्ये चिन, गाओ, वेन आणि झू यांनी आतल्या माणसाला एकही चूक न होऊ देता संपूर्ण माहिती कधी मिळू शकते, याच्या आवश्यक आणि पुरेशा अटी काढल्या. आधीचा हल्ला त्यातलं एक विशेष उदाहरण ठरला. नवा प्रोटोकॉल वाचताना मी सुरक्षिततेच्या सिद्धतेआधी घोषणांचा क्रम तपासतो, तो याचमुळे.

उपाय म्हणून मला डिकॉय फोटॉन (तपासणीसाठी मिसळलेले फसवे प्रकाशकण) सर्वात पटतात. ॲलिस चार्लीकडे जाणाऱ्या कणांत बीबी84 या क्वांटम किल्ली-वाटप प्रोटोकॉलमधल्या चार अवस्थांतले एकेकटे फोटॉन यादृच्छिक जागी मिसळते. चार्लीने ‘सगळे मिळाले’ असं प्रमाणित चॅनेलवर (जिथे संदेश कुणाचा याची खात्री असते) कळवल्यावरच त्या जागा उघड होतात आणि तपासणी फक्त त्या दोघांत होते. बॉबला तिथे बोलायची संधीच नाही. वरच्याप्रमाणे कण बदलला तर योग्य बेसिसमध्ये मोजलेल्या प्रत्येक डिकॉयवर चुकीची शक्यता 50%. असे 20 डिकॉय असतील तर निसटण्याची शक्यता साधारण 10 लाखांत 1. अडवून, मोजून पुन्हा पाठवला तर चूक 25%.

दोन गोष्टी मात्र यातून सुटत नाहीत. प्रत्यक्ष फायबरमध्ये गोंगाट असतोच आणि बॉब स्वतःच्या चुका त्यात लपवू शकतो. त्यामुळे चुकांची मर्यादा ठरवताना सगळा गोंगाट हल्लेखोराचाच धरायला हवा. दुसरं, गुपित जोडताना बॉब खोटा वाटा देऊ शकतो. त्यासाठी वेगळी पडताळणी लागते, डिकॉय तिथे कामाचे नाहीत. फोटॉन परत येणाऱ्या दुतर्फा योजनांत ट्रोजन हॉर्स हल्ल्याचाही (उपकरणात छुपा प्रकाश घुसवून माहिती काढण्याचा) विचार करावा लागतो.

तुमच्या सिम्युलेशनमध्ये आधी बॉबला क्वांटम मेमरी द्या आणि त्याला सर्वात शेवटी बोलू द्या. चुकीचा दर शून्यच राहील आणि ॲलिसचे सगळे बिट बॉबकडे असतील. मग डिकॉय घालून तोच हल्ला पुन्हा चालवा आणि दोन्ही आकडे इथे टाका.