थारच्या बॉडी माउंटचं (बॉडी आणि खालचा सांगाडा म्हणजे चासी यांच्यामधल्या आधाराचं) रबर चेपलंय, बोल्टही नुसताच फिरतोय. घरी दुरुस्त होईल का?

होईल, पण आधी चासीवरचा ब्रॅकेट तपासा. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा पापडासारखा तुटला तर नुसतं रबर बदलून उपयोग नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून ३ मिमी प्लेट वेल्ड करावी लागेल. त्याआधी बॅटरी काढा, डिझेलचे पाइप दूर करा.

बोल्ट फिरतोय म्हणजे आतला नट सुटलाय. जोर लावू नका. वरून कार्पेट उचला, खालच्या पत्र्यात छोटी खिडकी कापून नट पान्याने धरा.

रबर बदलायचंय त्या बाजूचे सगळे माउंट बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे फक्त ढिले करा. जॅकवर लाकडी फळी ठेवून बॉडी २-३ सेंमीच उचला. जास्त उचललीत तर ब्रेक पाइप, स्टिअरिंग शाफ्ट ताणतात. फटीत बोटं घालू नका, आधी लाकडी ठोकळा सरकवा. बॉडीचं वजन रबरावर आल्यावरच बोल्ट पूर्ण आवळा.